ओल खाली, गळती वर

प्लंबरकाकांचं नाक वर्षानुवर्षं चोंदलेलं, पण त्यांच्या मते तो आजार नव्हताच, स्वभाव होता. जिना चढताना छातीत शिट्ट्या वाजू लागल्या, तेव्हा कुठे स्वारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी दम्याचा पंप दिला, नाकात मारायचा फवारा दिला आणि बजावलं, "सायनस सुजलंय. नाकाकडेही बघा, नाहीतर दमा आटोक्यात राहायचा नाही."

काका घरी येऊन बायकोवरच कडाडले, "छाती दाखवायला गेलो, तर बाई नाकात डोकावतात! नाक कुठे, छाती कुठे!" पंप खिशात गेला, फवारा कपाटात शोभेला बसला.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. छताला रंग दिला तरी ओल पुन्हा आलीच, अशी तक्रार होती. काका धापा टाकत खेकसले, "अहो, रंग कितीही फासा! गळती वरच्या मजल्यावर आहे, आधी ती बंद करा! एवढीही अक्कल नाही?"

फोन ठेवून त्यांनी खिशातला पंप काढला. बायकोने कपाटातला फवारा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या," ती म्हणाली, "आधी वरचा मजला."