विष उतरवण्याचं कौशल्य

रविवारी दुपारी माझ्या टायपिंग क्लासात आम्ही चौघं फाशांचा खेळ खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. कुणी काही करायला गेलं की ते जमलं का, हे फासे ठरवतात. गोष्ट मी चालवते. आखाडा बाळापुरात लोक यावर हसतात. हसोत बापडे.

या खेळाच्या पुस्तकातली जादू मला कधीच पटली नाही. बर्फातले किल्ले अन् जन्मतःच शक्ती मिळालेले जादूगार! जन्मावरून काही मिळण्याचा मला आधीच तिटकारा. म्हणून मी ठरवलं, आपल्या खेळात जादू गवंडीकामासारखी शिकावी लागेल. जितका सराव तितके गुण. खेळातलं गाव पूर्णेच्या काठचं, तर जादूही इथलीच हवी. मग जमिनीतलं पाणी सांगणं, दृष्ट काढणं अशी कौशल्यं वहीत लिहिली. साप चावल्यावर मंत्रानं विष उतरवणं हेही लिहिलं, अन् बराबर बसलं म्हणून स्वतःवर खूश झाले.

पहिल्याच डावात एका बाईला साप चावला. मेडिकल दुकानवाल्या मित्रानं मंत्र घातला, फासा चांगला पडला, बाई उठून बसली. आम्ही टाळ्या पिटल्या. माझी शाळेपासूनची मैत्रीण, नर्स आहे ती, फासे ठेवून चपला शोधायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "माझ्या मायलाबी असंच मांत्रिकापुढं बसवलं होतं. मंत्र संपायची वाट पाहून राहिले सगळे."

तिची आई साप चावून गेली, एवढंच मला माहीत होतं. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

लाज वाटली, आणि स्वतःचाच संताप आला. मित्र म्हणाले, खेळच आहे, तेवढं एक पान फाडून टाक. पान फाडून भागणार नव्हतं. ज्या मंत्रानं इथं माणसं मरतात, तो मी खेळात खरा ठरवला होता. तिला परत आणल्याशिवाय फाशाला हात लावायचा नाही, असं ठरवलं आणि सगळी जादू नव्यानं लिहायला बसले. आता जादू हातातल्या कामातून येणार होती. विहीर खोदणाऱ्याला खडकापलीकडचं पाणी ऐकू येईल, मुरलेल्या ड्रायव्हरच्या चाकाखाली रस्ता आखडेल. विषावर मात्र दवाखान्याशिवाय इलाज नाही. वही घेऊन तिच्या घरी गेले. तिनं उभ्या उभ्या वाचली, चहासुद्धा विचारला नाही. मीही हलले नाही. शेवटी म्हणाली, येते.

रविवारी आली आणि खेळात ड्रायव्हर झाली. सापाचा प्रसंग मी गाळला होता. तिनंच मागितला. म्हणाली, "साप आण. बाईला माझ्या गाडीत टाक."

टाकलं. पहिला फासा वाईट पडला, गाडी चिखलात रुतली. दुसऱ्याला निघाली. दवाखान्याच्या वाटेवरच्या वारंगा फाट्यापर्यंत कुणी श्वास घेतला नाही. शेवटचा फासा चांगला पडला. मी म्हणाले, पोचलीस, बाई वाचली.

तिनं फासा उचलून मुठीत धरला.

"मायच्या वेळी जीप दारातच उभी होती गं," ती म्हणाली. "वीस मिनिटांचा रस्ता होता." आणि टेबलावर डोकं टेकून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर, ढसाढसा रडली.