वरच्या काकांचा तळवा

कधी कुणाला चारचौघांत हाकलून दिलंय का तुम्ही? नुसतं रागावलात का, असं नाही विचारत, रागावतात सगळेच. बोट करून दरवाजा दाखवलाय का? आणि ज्या कारणासाठी दाखवला, ते कारण नंतर आपल्याच घरात सापडलंय का? नसेल तर तुम्ही भाग्यवान, आणि पुढचं वाचताना मला शिव्या घालायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. असेल तर जरा सरकून बसा. मलाही जागा द्या.

मी ज्यांना हाकललं त्यांना सगळी वस्ती 'वरचे काका' म्हणते. गोदीत क्रेन चालवायचे. सकाळी शिडीने केबिनमध्ये चढले की थेट जेवायच्या सुट्टीला खाली. दारावर कुणी आलं की काकू आतूनच ओरडायच्या, "ते वर गेलेत!" नवखा माणूस चेहरा पाडून उंबऱ्यातच थिजायचा. मग काकू पदराला हात पुसत बाहेर यायच्या. "अहो, कामावर गेलेत. सहा वाजता येतील परत." त्यावरून हे नाव पडलं.

गोदीत त्यांच्या हातावर पैजा लागायच्या. मुकादम भरलेला चहाचा पेला पेटीवर ठेवायचा. काका ती पेटी जहाजातून उचलून धक्क्यावर टेकवायचे, आणि मुकादम येऊन तोच चहा प्यायचा. थेंब सांडला तर काका हरले. मी हे ऐकलंय ते हरलेल्यांकडून, म्हणून विश्वास ठेवते.

एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, आणि तो उचलायला हात खालीच जाईना. अर्धांगाचा झटका. दोन महिन्यांत पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र दुसऱ्या कुणाचा तरी चुकून आपल्याकडे राहिल्यासारखा लटकत होता. कंपनीने सहा महिन्यांची मुदत दिली. मुदत संपली की डॉक्टरसमोर क्रेनच्या दांड्या धरून दाखवायच्या. जमलं तर केबिन, नाही जमलं तर फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. पगार जवळजवळ तोच. पण काका म्हणायचे, "ताई, बावीस वर्षं मी लोकांची टाळकी बघितली. आता त्यांचे गुडघे बघू?"

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की बोटांना रोज तासभर काम द्या, आवडीचं द्या, नाहीतर कंटाळून सोडाल. म्हणून काका आमच्या खोलीत आले.

आता खोलीबद्दल सांगते, कारण माझा माज तिथेच राहतो. आमच्या वस्तीच्या संघटनेचं काम मी बघते, तिच्या कचेरीच्या जिन्याखाली एक लांबट खोली आहे. एका बंद पडलेल्या कचेरीने भंगारात काढलेले सहा कॉम्प्युटर मी भांडून फुकट आणले. मी नववीत शाळा सोडलेली. एका जाडजूड पुस्तकातून आणि दोन यंत्रांची वाट लावून शिकले, आणि सहाही यंत्रांवर लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, चढवलं. त्याला पैसे पडत नाहीत, ते उघडून बघता येतं, बिघडलं तर आपणच दुरुस्त करायचं. कुणी विचारलं, "ताई, नेहमीचं का नाही घातलं?" की माझं भाषण सुरू. यंत्र आपलं, मर्जी आपली, वर कुणी मालक नाही! हे वाक्य मी किती वेळा फेकलंय, मोजदाद नाही.

काकांसाठी एक छोटा गेम शोधून दिला. क्रेनने पेट्या उचलायच्या आणि धक्क्यावर रचायच्या. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या बाणांनी क्रेनचा आकडा हलवायचा. पेटी चुकीच्या जागी पडली तर वरचं बॅकस्पेसचं बटण दाबायचं, की पेटी परत जहाजात. पहिल्या दिवशी काका तासभर बसले आणि एक पेटी हलली. काका म्हणाले, "ही क्रेन माझ्या हाताखाली शिकाऊ असती ना, तर मी तिला पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती." सगळी खोली हसली. रोज दुपारी चारला यायचे, तीन नंबरच्या यंत्रावर बसायचे, खिशातला रबरी चेंडू काढून शेजारी ठेवायचे. पेट्या हलायला लागल्या. दोन, पाच, बारा.

दोन महिन्यांनी गेम दगा द्यायला लागला.

म्हणजे नुसता गेम बंद पडला असता तर कोण रडतंय. गेम चालू असताना एकदम पडदा काळा व्हायचा, आणि दोन सेकंदांनी नाव आणि पासवर्ड विचारणारी पहिली पाटी समोर. उघडं असलेलं सगळं बंद. आपण आत येतो तेव्हापासून बाहेर पडेपर्यंत पडद्यावर जो संसार मांडतो त्याला सेशन म्हणतात. तो अख्खा संसारच उधळला जायचा. आधी दिवसातून एकदा, मग तीनदा, मग दर दहा मिनिटांनी.

मी पदर खोचला. लिनक्स सगळं लिहून ठेवतं, कधी काय झालं, कुणामुळे झालं. त्या नोंदी मी ओळ न् ओळ वाचल्या. क्रॅशची ओळच नाही! उलट शेवटी लिहिलेलं की पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम 'व्यवस्थित बंद झाला'. मी म्हटलं, खोटारडं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासून परत बसवल्या. पडद्याचा ड्रायव्हर बदलला. गेमची जुनी आवृत्ती घातली. काकांना पाच नंबरवर बसवलं, तिथेही तेच. मग मी स्वतः तीन नंबरवर बसून सव्वा तास पेट्या रचल्या. काही नाही. गेम लोण्यासारखा चालला.

काका मागे उभे होते. म्हणाले, "ताई, मी पेटी परत न्यायला जातो ना, तेव्हाच होतं बघा."

मी पेटी परत नेऊन दाखवली. एकदा, दोनदा, दहादा. "झालं का काही? झालं का?"

"नाही झालं," काका म्हणाले.

"मग?"

काकांनी चेंडू उचलून खिशात टाकला. आणि मला, जिला नाचता येईना, तिला अंगण वाकडं दिसायला लागलं.

त्या शुक्रवारी मी तीन नंबरवर पाण्याच्या नळांसाठीचं निवेदन टाइप करत होते. दोन तासांचं काम, चार पानं. चार वाजले, काका आले, मी उठून जागा दिली. "माझं पान उघडं आहे, त्याला हात लावू नका," एवढं बजावलं आणि बाहेर फोनवर बोलायला गेले. परत येते तो पडदा काळा. मग पहिली पाटी. माझी चार पानं गेली, कारण मी सेव्ह केलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला 'आधी सेव्ह करा' म्हणून डोकं खाणारी मी, मीच केलं नव्हतं. पण ते तेव्हा कुठे आठवायला. उचलली जीभ.

"काय दाबलंत?"

"काही नाही हो ताई. नेहमीचंच."

"नेहमीचंच कसं? मी दाबते तेव्हा होत नाही, तुम्ही दाबता तेव्हा होतं. मग दोष कुणाचा?"

"मी फक्त पेटी परत..."

"काका, तुमच्या त्या हाताला कळतं तरी का, काय दाबतोय ते?"

खोलीत आठ माणसं होती. कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, ती अर्ध्यात थांबली. काकांनी उजवा हात डाव्या हाताने उचलला, कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवला, एखादं झोपलेलं पोर उचलून ठेवावं तसा. मला तिथे थांबता आलं असतं. नाही थांबले. बोट करून म्हटलं, "गेम खेळायला ही जागा नाही. इथे लोकांची कामं असतात. उद्यापासून नका येऊ."

ते उठले. "बरं," म्हणाले. गेले.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मला अपराधी वाटलं नाही. निवेदन परत टाइप केलं आणि वाटलं, बरी शिस्त लागली खोलीला.

सहा आठवडे गेले. चाचणीला चार दिवस राहिले असताना काकू आल्या. खोली बंद करायची वेळ, सात वाजत आलेले.

"ह्यांचा चेंडू राहिलाय इथे," त्या दारातूनच म्हणाल्या.

मी खण उघडून चेंडू काढला. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "कसा आहे हात?"

"टेबलाच्या कडेवर करतात व्यायाम. पण टेबलाला काय, दाबलं काय न् नाही दाबलं काय. बटणावर बरं होतं. दिसायचं, पेटी हलली की दिसायची." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "लागलं होतं हो पोचायला. तळवा उचलत नाही त्यांचा, तो पडूनच असतो. पण बोट लांब व्हायला लागलं होतं. त्या वरच्या बटणाला पहिल्यांदा लागलं त्या दिवशी घरी येऊन मला हातातल्या कामातून उठवून सांगितलंन्, लागलं गं!"

"कसं? दाखवा बरं."

काकूंनी माझ्या टेबलावर हात ठेवला. मनगटाजवळचा मांसल भाग खाली टेकलेला, जड. आणि मधलं बोट वर, लांब, थरथरत.

तो हात मी रोज संध्याकाळी बघते. तो माझा हात आहे.

सात वाजले की लोक उठत नाहीत. "दोन मिनिटं ताई, एवढंच ताई." मला तो घोळ सहन होत नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी मी सहाही यंत्रांवर एक सोय चालू करून ठेवली. कंट्रोल, आल्ट आणि बॅकस्पेस एकदम दाबलं की आतलं सगळं बंद आणि माणूस पहिल्या पाटीवर, बाहेर. बनवणाऱ्यांनी ही सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते, चुकून हात पडू नये म्हणून. मी ती शोधून चालू केली होती, आणि वर तोऱ्यात होते. रोज सातला एकेका यंत्रापाशी जायचं, उजवा हात टेकवायचा, टक. टक. टक. सवय अशी की पडद्याकडे मी बघतही नसे.

काकूंसमोरच तीन नंबरवर गेले. गेम लावला. हाताचा जीव काढून तळवा खाली पडू दिला, उजवीकडच्या आल्ट आणि कंट्रोलवर. बोट लांब केलं, बॅकस्पेसपर्यंत.

पडदा काळा.

क्रॅश नव्हताच. नोंदींनी खरं तेच लिहिलं होतं, व्यवस्थित बंद झाला. पहिले दोन महिने काही झालं नाही, कारण काकांचं बोट तिथवर पोचतच नव्हतं. जितक्यांदा पोचलं तितक्यांदा माझ्या सोयीने त्यांना बाहेर फेकलं. आणि मी विचारलं, हाताला कळतं का.

काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी चेंडू पिशवीत टाकला. म्हणाल्या, "मला काय सांगता? त्यांना सांगा."

तशीच गेले. काका जिन्याच्या पायरीवर बसलेले होते, कठड्याच्या गजाला बोटं गुंडाळून सोडत होते. मी घडाघडा सगळं बोलले. बटणं, तळवा, माझी सोय. माफ करा म्हणाले. आयुष्यात हा शब्द मी अधिकाऱ्यांकडून वदवून घेतलाय, स्वतः फारसा वापरलेला नाही. 

काकांनी नीट ऐकलं. मग एवढंच विचारलं, "म्हणजे मी बॅकस्पेस बरोबर दाबत होतो?"

"हो काका. अगदी बरोबर."

"हं." त्यांनी गजावरची बोटं सोडवली. "पण तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं, ताई. तळवा कुठे पडलाय ते कळत नव्हतंच मला."

मागून काकू जिना चढत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बोलताना आठ माणसं होती. माफी मात्र जिन्यात?"

मी खाली बघत जिना उतरले. मी, जिच्या तोंडाला लागू नका असं कचेऱ्यांमधले शिपाई एकमेकांना सांगतात.

दुसऱ्या दिवशी सोय सहाही यंत्रांवरून काढली, खोलीत उभी राहून सगळ्यांना सांगितलं. तीन नंबर चार वाजता रिकामं ठेवलं. काका आले नाहीत. चार दिवसांनी चाचणी झाली. अंगठा आणि दोन बोटं टिकली. शेवटच्या दोन बोटांनी मिनिटभरात दांडी सोडली. त्याच दोन बोटांना आमच्याकडे बाणांवर काम मिळायचं. डॉक्टर भला माणूस, त्याने लिहिलं की तीन महिन्यांनी आणखी एकदा बघू, त्यानंतर नाही. तोवर काका फाटकावर गाड्यांचे नंबर लिहितात. डाव्या हाताने.

मी तीनदा बोलवायला गेले. तिन्ही वेळा चहा मिळाला, "बघू" मिळालं. चिडलेले दिसत नाहीत. चिडले असते तर भांडून सोडवलं असतं, तेवढं येतं मला. ते फक्त माझ्या यंत्रावर हात ठेवायला तयार नाहीत. आता रोज सहाला, ते कामावरून सुटतात तेव्हा, तीन नंबर रिकामं असतं, आणि त्या मोकळ्या खुर्चीकडे न बघता काम करायला मी शिकतेय.

तीन महिन्यांतला एक संपला. तुम्ही आमच्या बाजूला राहत असाल आणि घरात कीबोर्डवालं कुठलंही यंत्र असेल, तर संध्याकाळी काका कामावरून येताना त्यांना हाक मारा. गेम मी देईन, पण कुणी दिला ते बोलू नका. तासभर बसू द्या. तळवा पडला तर पडू द्या, काय दाबलंत म्हणून विचारू नका. एवढं कराल का?