नानांची दीडशे पानं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखानदाराला समजावत होतो, "वेबसाइटचा पत्ता बदलला की जुन्या प्रत्येक पानावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे वाट काढून द्यावी लागते. नाहीतर सर्चमध्ये तुम्ही खाली खाली जाता." वाक्य पूर्ण करून मी फोन घेतला. मावशी एवढंच म्हणाली, "दत्ता, नाना गेले रं..." घोडेगावला त्यांच्या घरापर्यंत गाडी चालवताना मला रडू आलं नाही. कारखानदाराला सांगितलेलं तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. का, ते आज लिहितोय.

नाना म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर ते वेबसाइटवर जनावरांच्या दुखण्यांबद्दल लिहू लागले. शीर्षक शेतकऱ्याच्या तोंडचंच असायचं: 'गाय व्याली, वासरामागून वार पडली नाही, काय करू?' त्यामुळे कुणी मोबाईलवर तसंच विचारलं की नानांचं नेमकं तेच पान समोर यायचं, खाली त्यांचा नंबर. जनावरांच्या बाजाराच्या दिवशी तर फोनला उसंत नसे. मावशी चिडायची, "घास तरी गिळा. म्हशीला भूक कळती, तुमाला न्हाई." नाना घास हातात धरूनच पलीकडच्याला विचारत, "शेण कसं टाकतीया?"

साइट दिसायला गबाळी होती. मीच म्हणालो, नवं नाव घेऊ, नवी करू. केली. आणि कंटाळा केला... दीडशे पानांना एकेक वाट जोडण्याऐवजी सगळे जुने पत्ते नव्या साइटच्या पहिल्या पानावर वळवून मोकळा झालो. वार अडकलेल्या गाईचा मालक यायचा, त्याला नानांचा हसरा फोटो दिसायचा. तो माघारी फिरायचा. सर्चनेही ती जुनी पानं संपलीच असं धरलं. इतक्या वर्षांत त्या पानांनी मिळवलेली पत नव्या पानांपर्यंत पोचलीच नाही. फोन कमी झाले, मग थांबले.

"काय रं दत्ता, लोकांच्या गाया आजारी पडायच्या बंद झाल्या का?" नाना हसत म्हणाले. तोवर चूक मला कळली होती. मी म्हणालो, "सर्चचे नियम बदललेत, नाना. आता सगळे व्हिडिओ बघतात." "म्हंजी आमचं जुनं झालं म्हन..." नाना म्हणाले. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. दोन दिवसांचं काम मी दोन वर्षं उद्यावर टाकलं, कारण पानं पुन्हा वर आली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

दहाव्यानंतर त्यांच्याच खुर्चीत बसून एकेक पान जोडलं, आणि मावशीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "शिव्या घातल्या असत्या तुला," ती म्हणाली, "आन् मग जेवायला बसवलं असतं." मान वर केली नाही.

नानांचा फोन खिडकीत असतो. मावशी तो रोज चार्जिंगला लावते. दीड महिन्यानं, परवा, मी तिथं असताना तो वाजला. खर्डा गावाकडचा कुणी होता. "नानांना सांगा, त्यांचं वाचून केलं. गाय उठली बघा."

"सांगतो," मी म्हणालो. आणि फोन कानावरून काढला.

"आरं, ठिवू नको," मागून मावशी म्हणाली. "शेण कसं टाकतीया, इचार."

मी विचारलं.