मोजपट्टी आणि छापण्याआधीचं पान

ती आमच्या कोर्टाच्या नकला विभागात आली तेव्हा मला तिथे सहा वर्षं झाली होती, आणि पहिल्याच दिवशी मला तिचा राग आला. नवी टायपिस्ट आली की आधी मशीनकडे बघते, खुर्चीकडे बघते, फार तर खिडकीकडे. या बाईनं पर्समधून सहा इंची पट्टी काढली आणि मी नुकत्याच टाइप केलेल्या कागदाला लावली.

"डावीकडे एक सूत जास्त सुटलंय," ती म्हणाली.

तिचं खरं नाव विचारायच्या आधीच मी तिला नाव ठेवून मोकळी झाले. मोजपट्टी. विभागातल्या सगळ्यांनी ते उचललं, आणि पुढे तीही फोनवर स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागली. म्हणजे टोमणासुद्धा मला लाभला नाही.

न्यायाधीशांनी दिलेले निकाल स्वच्छ टाइप करायचे आणि ज्याला हवी त्याला नक्कल द्यायची, एवढंच आमच्या विभागाचं काम. पाच टायपिस्ट आणि वर एक हेड. पाचांत मी सगळ्यात वेगवान. मला मशीनगन म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. मी अर्थशास्त्र घेऊन पदवीधर. मोजपट्टी शालान्त परीक्षेत दुसऱ्या खेपेला सुटलेली. माझी चार पानं होईपर्यंत तिची अडीच व्हायची. मी पान मशीनमधून खसकन ओढून ट्रेमध्ये टाकायची. ती पान हळूच सोडवून उजेडाकडे धरायची, नववधूचा पदर सारखा करावा तसे कोपरे सारखे करायची. मला बघवायचं नाही.

तिचा बाप शिंपी होता. एकदा डब्याच्या वेळी मी म्हटलं, "अगं, निकाल टाइप करतेस की कापड बेततेस?"

तिला राग येत नसे, हा तिचा आणखी एक दोष. म्हणाली, "आमच्या बाबांकडे कच्चे टाके घालून, अंगावर चढवून बघितल्याशिवाय पक्की शिवण मारायची नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही. एकदा पक्की शिवण बसली की उसवताना कापड फाटतं."

"कागद फाटला तर दुसरा घ्यायचा."

"तेच तर. तुझी टोपली बघ."

माझ्या टोपलीत चुरगळलेल्या कागदांचा ढीग असायचा, हे खरं आहे. पण टोपली बघून कुणी हेड होत नाही असं मला तेव्हा वाटायचं.

तिचा नवरा बस चालवायचा आणि घरी आला की स्वयंपाकही करायचा. आमच्या ह्यांना पाण्याचा पेला कुठे असतो ते विचारावं लागायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. एखाद्या बाईचा मत्सर करायचा तर अर्धवट कशाला करायचा?

मग कॉम्प्युटर आले. टाइपरायटर उचलून तळघरात गेले आणि आम्हाला चार दिवसांचं शिक्षण मिळालं. शिकवायला आलेला माणूस जांभया देत होता. हे बटण असं, ते तसं, फाइल साठवायची अशी. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या पुढे गेले. बोटं तीच, अक्षरांच्या जागा त्याच. फरक एवढाच की आता मशीन आवाज करत नव्हतं. मोजपट्टी मात्र तिसऱ्या दिवशी शाळकरी मुलीसारखा हात वर करून उभी राहिली.

"सर, छापल्यावर पान कसं दिसेल ते छापायच्या आधी दिसतं का हो?"

"दिसतं की. प्रिंट प्रिव्ह्यू." त्यानं दोन ठिकाणी टिचकी मारली.

पडद्यावर अख्खं पान उभं राहिलं. लहानसं, पांढरं, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेलं. अक्षरं मुंगीएवढी, पण पान कसं बसलंय ते एका नजरेत कळत होतं. मोजपट्टीनं पुढे वाकून पानाच्या चारी कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अगं बाई! हे तर कच्चे टाके."

त्या दिवसापासून ती सुटलीच. प्रिव्ह्यू बघितल्याशिवाय तिनं एक चिठ्ठी छापली नाही. मी छापायची, बघायची, फेकायची, पुन्हा छापायची. ती आत बघायची, आत दुरुस्त करायची, आणि एकदाच छापायची. रजिस्ट्रारसाहेब एकदा फेरी मारताना तिच्या रिकाम्या टोपलीपाशी थांबले.

"काय हो बाई, आज काम नाही वाटतं?"

"आहे ना साहेब. चुका आतल्या आत करते."

साहेब मोठ्यानं हसले. साहेबांना आमच्याकडे येऊन अकरा वर्षं झाली होती, हसताना मी पहिल्यांदा बघितलं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

हळूहळू वकील दारात उभे राहून विचारायला लागले, "मोजपट्टीबाई आहेत का?" मी समोर बसलेली असायची. "मी आहे ना," म्हटलं की म्हणायचे, "नाही नाही, घाई नाहीये, थांबतो." घाई असली तर मी, आणि काम नीट हवं असलं तर ती! हे ऐकायला मी पदवी घेतली होती का?

अशात आमचे हेड निवृत्त व्हायला आले. त्यांची खुर्ची माझी होती. मी हे मनातल्या मनात नव्हे, घरीदारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सेवा माझी जास्त, शिक्षण माझं जास्त, वेग माझा दीडपट. पण रजिस्ट्रारसाहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि एकच हस्तलिखित निकाल दोघींच्या हातात ठेवला.

"उद्या सकाळी बसा. तीन वाजता फ्लॉपी घेऊन माझ्या खोलीत या, माझ्याच प्रिंटरवर काढू. आणि एक लक्षात ठेवा, आता फुलस्केप बंद. ए-फोर कागद, आणि शिवणीसाठी डावीकडे रुंद समास. जिचे कागद सरळ न्यायाधीशांपुढे ठेवता येतील, ती हेड."

दुसऱ्या दिवशी मी साडेअकराला निकाल संपवला. मोजपट्टी अजून अर्ध्यावरच होती. शेवटी कागदाचा आकार बदलला, समास वाढवला, फाइल साठवली. पडद्यावर तेव्हा शेवटच्या ओळी होत्या. तारीख, ठिकाण, सहीची रेघ. सगळं जागच्या जागी. मी खुर्ची मागे ढकलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "झालं बाई एकदाचं!"

मोजपट्टीनं मानसुद्धा वर केली नाही.

दीडला ती संपवून डबा खायला गेली. खोलीत मी एकटी. आता जे केलं ते सरळ सांगते, कारण माझ्या वयात लपवाछपवी करायला वेळ नाही. मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं प्रिंट प्रिव्ह्यू उघडला.

एकोणीस पानं. मी ती एकदम दिसतील अशी लहान केली आणि ती पत्त्यांच्या डावासारखी माझ्यापुढे मांडली गेली. एकाही पानाला कुठे पोक नाही. परिच्छेद संपतात तिथे पान संपतं, आकडे एकाखाली एक उभे. आणि एकोणिसाव्या पानाच्या अगदी तळाशी, शेवटच्या ओळीवर, सहीची रेघ.  हे सुंदर होतं हो. आणि माझं नव्हतं.

आमच्याकडे एक पक्का नियम आहे. नुसती सही पानावर एकटी जाता कामा नये. तिच्या सोबतीला मजकुराच्या निदान दोन ओळी हव्यात. नाहीतर ते सहीचं पान काढून कुणीही कशालाही जोडेल. एकटी सही आली की न्यायाधीश कागद बाजूला सारतात, एक शब्द न बोलता.

मी प्रिव्ह्यू बंद केला, सहीच्या वर गेले आणि दोन वेळा एंटर मारला. पुन्हा प्रिव्ह्यू उघडून खात्री केली. विसावं पान तयार झालं होतं, आणि त्यावर सहीची रेघ एकटीच होती. फाइल साठवून मी माझ्या जागेवर येऊन बसले.  

मोजपट्टी आली, हात पुसले, बसली, आणि अर्थातच प्रिव्ह्यू उघडला. दुसरं काय करणार होती ती? हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं, पण जळणाऱ्या माणसाचं डोकं तेवढं चालत नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. मग आत गेली, काहीतरी बटण दाबून एरवी न दिसणाऱ्या स्पेस-एंटरच्या खुणा उघड केल्या, दोनचार कळा दाबल्या आणि पुन्हा प्रिव्ह्यू बघितला. माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू प्रिव्ह्यू बघितलास का गं?"

"मला नाही लागत."

"एकदा बघ."

"तू तुझं बघ की! माझं दोन तासांपूर्वी झालंय."

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं, मला घाबरवून झालेल्या कामाला पुन्हा हात लावायला भाग पाडते आहे. समोर मशीन होतं, तासभर मोकळा होता, आणि तिच्या कागदांचा प्रिव्ह्यू मी नुकताच दोनदा बघितला होता. स्वतःच्या कागदांचा एकदाही नाही.

तीन वाजता साहेबांच्या प्रिंटरमधून माझं पहिलं पान बाहेर आलं. साहेबांनी ते उचललं, चष्मा वर केला, खाली केला.

"बाई, हा निकाल आहे की कविता?"

मी पान हातात घेतलं. एक ओळ लांब, खाली एक शब्द. पुन्हा एक ओळ लांब, खाली दोन शब्द. पहिल्यापासून शेवटपर्यंत असंच. बावीस वर्षं टाइपरायटरवर घंटी वाजली की ओळ बदलायची सवय. कॉम्प्युटरवर घंटी नव्हती तरी मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारत आले होते. फुलस्केपवर ते खपून गेलं. कागद अरुंद झाला, समास वाढला, आणि प्रत्येक ओळीचं शेपूट तुटून खाली पडलं. तारखेच्या आणि सहीच्या ओळी मुळातच आखूड, म्हणून तेवढ्या शाबूत होत्या. मी नेमक्या त्याच बघितल्या होत्या.

मग तिची एकोणीस पानं आली. साहेबांनी ती चाळली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि सरळ न्यायाधीशांच्या फाइलीत ठेवली. 

जिन्यात मी तिला गाठलं. "तुला कळलं होतं."

"काय?"

"उगाच साळसूदपणा करू नकोस. दोन एंटर."

"हां, ते." ती कठड्याला टेकली. "खुणा उघडून बघितल्या ना, तर दोन्ही एंटरच्या आधी एकेक स्पेस होती. तुझा अंगठा आधी स्पेस मारतो आणि मग एंटर. अख्ख्या विभागात फक्त तुझा."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते की," मोजपट्टी म्हणाली. "तुझं पहिलं पान बाहेर आलं, आणि गरजच उरली नाही."

एखादीनं थोरपणा दाखवला असता, मला माफ केलं असतं, तर मी तिचा आयुष्यभर तिरस्कार केला असता. तिनं ते केलं नाही. एवढं एक तिच्या बाजूनं लिहून ठेवते.

घरी जाऊन मी बदलीचा अर्ज करायचं ठरवलं. त्या बाईच्या हाताखाली एक दिवस बसणार नव्हते. सोमवारी ऑफिसात पोचताच अर्ज टाइप केला. मला दफ्तरखान्यात पाठवावं, तिथली धूळ चालेल. पण अर्ज हेडमार्फत जायचा, आणि हेड आता कोण? छापलेला कागद फ्लॉपीसकट मी तिच्या टेबलावर टाकला. तो तिनं वाचला, बाजूला ठेवला, आणि फ्लॉपी घालून आपल्या मशीनवर माझी फाइल उघडायला लागली.

"हे काय करतेस?"

"समास चुकलाय. असा कसा पुढे पाठवू?"

तिनं समास सारखा केला, तारीख उजवीकडे नेली, प्रिव्ह्यू बघितला, एक कागद छापला. मग त्यावर पेनानं लिहिलं, 'नामंजूर', आणि खाली सही केली.

"अगं, नामंजूरच करायचा होता तर नीट कशाला केलास?"

"फाइलीत राहणार ना तो. आणि तू गेलीस तर वेगाचं काम कोण करणार? हे चौघं? माझ्यासकट?" तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "एका जुन्या दाव्याचा निकाल आलाय. बारापर्यंत हवा. दुसऱ्या कुणाला जमणार नाही, म्हणून तुझ्या ट्रेमध्ये ठेवलाय."

हेड म्हणून तिची ती पहिली सही. बरोबर त्या जागी, जिथे माझी मी कितीदा मनात करून बघितली होती. अंगाचा तिळपापड झाला.  मी जाऊन माझ्या जागेवर बसले आणि तो निकाल घेतला. ओळीच्या शेवटी हात एंटरकडे जात होता, तो दर वेळी मागे ओढत होते. बारापर्यंत चौदा पानं झाली. छापायच्या आधी मी प्रिव्ह्यू उघडला आणि एकेक पान मोठं करून, नाक पडद्याला लावून बघितलं. त्या बाईच्या टेबलावर माझी एकसुद्धा चूक जाऊ द्यायची नव्हती मला.