विलासची साबणाची डबी

आमच्या प्रेस शॉपमध्ये मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी सकाळच्या चहाला लॉकर उघडलं, तर विलासच्या नंबरवरून अकरा मिस्ड कॉल. फोन लावला, तर त्याच्या मेहुण्याने उचलला... विलास सेकंड शिफ्टला येणार होता. सकाळी गच्चीवर गेला, छातीत कळ आली आणि जिना उतरलाच नाही. सत्तेचाळीसचं वय! याला आता सहा आठवडे झाले.

आमची कंपनी चाकणला. मी पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, तो मेंटेनन्सला. मी थेरगावचा, वाडवडिलांपासूनचा. तो लातूरकडून नोकरीला आलेला आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा. शिफ्ट जुळली की डांगे चौकातून बसने सोबत जायचो. आमच्याकडे एखादा पार्ट खराब निघाला की ‘व्हाय-व्हाय’ लिहावं लागतं. पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मूळ कारण गाठायचं. त्यात ‘कामगाराची चूक’ असं लिहिलेलं चालत नाही, तो कागद परत येतो. आम्ही सगळे ते कपाळाला आठ्या घालून भरतो. विलासला मात्र त्याचं वेडच होतं. घरी कुकरची शिट्टी झाली नाही, तरी हा वही काढून बसायचा. वहिनी म्हणायच्या, “माझ्याशी लग्न का केलं, एवढं विचारत नाहीत हे नशीब.”

दोन वर्षांपूर्वी माझे वडील, आप्पा, विसरायला लागले. आमची जमीन जाऊन तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या त्यालाही जमाना झाला, पण आप्पा अचानक उठायचे आणि चपला घालायचे. “इंजान चालू ऱ्हायलंय इहिरीवर. पानी वाया चाललंय,” म्हणायचे आणि निघायचे. विहीरही नाही, इंजिनही नाही. दोनदा पोलीस चौकीतून आणलं. मी बसमध्ये रडकुंडीला येऊन हे सांगितलं, तर विलास म्हणाला, “रडतोस कशाला राव? आपण बनवू की काहीतरी.”

रविवारी आम्ही पुण्याला बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने जीपीएसची तीन मॉड्युलं समोर ठेवली, तेव्हा मी सगळ्यात महागाचं उचललं. विलासने ते माझ्या हातून काढून घेतलं. “हे बॅटरी खातंय. आप्पांच्या खिशात दिवसभर टिकलं पाहिजे. आपल्याला काय आवडतं ते बघायचं नाही.” त्याने निवडलेल्या मॉड्युलवर बर्फीच्या वडीएवढा चौकोनी अँटेना होता आणि पाठीमागे एक चिमुकला सेल. आधी पाहिलेले उपग्रह त्या सेलमुळे लक्षात राहतात, म्हणजे पुढच्या वेळी जागा लवकर सापडते. सोबत सिमकार्डाचं एक सर्किट. आपण मिस्ड कॉल द्यायचा, की ठिकाणाचा मेसेज येणार.

पहिल्या दिवशी विलासच्या गच्चीवरच्या खोलीत सगळं जोडलं, पण काहीच आलं नाही. दोन सर्किटांच्या बोलणाऱ्या, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या वायरी एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. “दोघं नुसतं बोलालेत, ऐकालंय कोण?” म्हणत त्याने वायरी बदलल्या. मग लॅपटॉपच्या स्क्रीनवर ओळी आल्या, पण त्यांत नुसते स्वल्पविराम, आकडा एकही नाही. मॉड्युल फुकट गेलं म्हणून मी हळहळलो. विलासने वर पत्र्याच्या छपराकडे पाहिलं, सगळं गुंडाळलं आणि उघड्या गच्चीवर जाऊन बसला. दहा-बारा मिनिटं आम्ही दोघं कठड्यावर बसून होतो. मग जागा सापडल्याची खूण म्हणून मॉड्युलवरचा इवलासा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि मी लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या.

आता हे ठेवायचं कशात? मी पत्र्याचा माणूस. भंगारातल्या स्टीलचा एक डबा केला, कडा घासून गुळगुळीत केल्या, कोपरे असे जुळवले की नख जाणार नाही. तो बघून विलासने आधी तोंडभर कौतुक केलं आणि मग हसत म्हणाला, “भावा, डबा एक नंबर. पण स्टीलमधून त्याला आकाश दिसत नसतंय.” शेवटी वहिनींची प्लॅस्टिकची साबणाची डबी कामी आली. माझा डबा कपाटावर गेला.

चार-पाच महिने झकास चाललं. मग एका सकाळी साबणाच्या डबीचं झाकण तडकलेलं दिसलं. माझी बस चुकत होती. मी घाईत सगळं काढून स्टीलच्या डब्यात भरलं आणि आप्पांच्या खिशात ठेवलं. खरं सांगायचं, तर घाई हे अर्धंच कारण होतं. माझा डबा वाया गेला हे मनात सलत होतंच.

त्याच दुपारी आप्पा घरातून निघून गेले. घरच्यांनी मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल दिले, मेसेज नाही. विलासची सुट्टी होती, तो धावत आला. मी कंपनीतून पोहोचलो तोवर गल्लीत गर्दी जमली होती. सगळ्यांदेखत मी त्याच्यावर ओरडलो, “तुझ्या खेळण्याच्या भरवशावर बसलो आणि बाप घालवला माझा!”

विलास तसाच वळला. गाडीला किक मारून गेला. आधीच्या मेसेजमधली ठिकाणं त्याने एकेक करून पालथी घातली. एका सोसायटीच्या पंपघराबाहेर आप्पा भिंतीला टेकून बसले होते, आत मोटार घरघरत होती. विलासने वॉचमनच्या हातापाया पडून ती मिनिटभर बंद करायला लावली. “आप्पा, इंजिन बंद केलंय. चला आता.” आप्पा लगेच उठले.

आप्पांच्या खिशातून नेलेलं यंत्र त्याने दुसऱ्या दिवशी परत आणलं, जाड साबणाच्या डबीत, आणि तशीच दुसरी डबी जादा. स्टीलचा डबा वेगळ्या पिशवीत होता. म्हणजे त्याला कळलं होतं. मी मान खाली घालून पिशवी घेतली. त्यानंतर चार महिने बसमध्ये शेजारी बसून आम्ही जगभरच्या गप्पा मारल्या. माफी मागायची राहिली. रोज वाटायचं, उद्या.

परवा वहिनींनी त्याची वही माझ्या हातात दिली. “भाऊजी, यातलं मला काही कळत नाही. तुम्हीच ठेवा.” पानं उलटता उलटता तो दिवस आला. ठिकाण का आलं नाही? आकाश दिसलं नाही. का? स्टीलच्या डब्यात होतं. का? डबीचं झाकण फुटलं. का? डबी पातळ होती. का? मी निवडताना दाबून बघितली नाही. खाली लिहिलं होतं: मूळ कारण, माझी निवड. उपाय, जाड डबी, दोन नग.

डबा कोणी बदलला, हे त्याने पाचपैकी एकाही ‘का’मध्ये विचारलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा शोधलं. माझं नाव कुठेच नाही... ‘कामगाराची चूक’ न लिहिण्याचा कंपनीचा नियम आम्ही कागद परत येऊ नये म्हणून पाळतो. विलासने तो माझ्यासाठी पाळला होता. मी वहिनींसमोरच हमसून हमसून रडलो.

रात्री पेन घेऊन बसलो. तिसऱ्या ‘का’च्या शेजारी थोडी जागा होती, तिथे लिहिलं: “डबा मी बदलला. मला माहीत होतं.” आणि खाली सही केली.

आप्पा अजून इंजिन बंद करायला निघतात. म्हणून रोज सकाळी मी ती डबी घेऊन गच्चीवर जातो आणि लाल दिवा लुकलुकेपर्यंत कठड्यावर बसतो. हल्ली दिवा लगेच लागतो. तरी मी थोडा वेळ बसून राहतो.