मशीनला दात नसतात

यंत्रं ज्यांनी शोधून काढली त्यांचासुद्धा यंत्रांवर नसेल इतका विश्वास माझ्या सासऱ्यांचा होता. भिंतीवरचं घड्याळ आणि सूर्य यांच्यात कधी मतभेद झालेच, तर आज सूर्याला उशीर झाला, असं ते म्हणत. समोर माणूस तापानं कुडकुडत असला तरी थर्मामीटर काखेतून बाहेर येईपर्यंत तो आजारी नाही, आणि थर्मामीटरनं नाही म्हटलं तर त्यानं उठून कामाला लागावं, अशी त्यांची सरळ अपेक्षा असे. याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. गोंदियातल्या एका राइस मिलच्या फाटकाशी तीस वर्षं ते धानाचा ओलावा मोजायची मशीन घेऊन बसले. पोत्यातून मूठभर धान काढायचं, मशीनच्या वाटीत टाकायचं, आकडा वाचायचा. सतरा टक्क्यांच्या आत असला तर पोती आत, वर गेला तर ट्रॅक्टर आल्या रस्त्यानं परत. शेतकरी दोन दाणे दाताखाली धरून कट्टकन फोडत आणि म्हणत, बाबूजी, आवाज तर ऐका, कडक वाळलं आहे. सासरे नुसतं मशीनकडे बोट दाखवत. "तुमचे दात तुमच्या घरचे हायत. मशीनले दात नसतात."

मी मुलगी पाहायला त्यांच्या गोंदियालगतच्या कुडव्याच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडेही पोत्यातल्या धानाकडे पाहावं तसंच पाहिलं. मी मुळात कमी बोलणारा. त्या दिवशी एकूण चार शब्द बोललो असेन, त्यातले दोन 'पुरे' होते. मी निघाल्यावर ते मामीजींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना म्हणाले, "पोरगा बरा हाय, पण अजून वाळला नाही." लग्न झालं, दोन मुलं झाली, माझे केस पिकले, तरी त्यांच्या लेखी माझा ओलावा सतराच्या वरच राहिला. मीही कधी तक्रार केली नाही. तक्रार करायला बोलावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी खाणं कमी करायला आणि पोहायला सांगितलं. गुडघ्यांमुळे चालणं जमत नव्हतं, पण गावच्या तलावात लहानपणी पोहलेला माणूस, पाणी विसरला नव्हता. मी मनगटावर बांधायचं एक घड्याळ आणून दिलं. किती पोहलात, किती कॅलरी जळाल्या, छाती कशी धडधडते आहे, सगळं ते सांगतं, एवढं मी बोललो. सासऱ्यांनी ते हातात घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसले. घड्याळानं सुरुवातीला जन्मतारीख विचारली. मामीजी म्हणाल्या, तुमचा जन्म तर पोळ्याचा, तुमची माय सांगत होती. सासरे म्हणाले, शाळेत गुरुजींनी एक जुलै लिहिली आहे, सरकारी आहे तीच खरी. अशा रीतीनं गुरुजींनी अंदाजे ठोकून दिलेलं वय त्या घड्याळात गेलं, आणि त्याच वयाच्या आधारे ते पुढं त्यांच्या कॅलरी मोजू लागलं. मग घड्याळानं विचारलं, तरणतलावाची लांबी किती. मी तलाव पाहिलेला नव्हता. टीव्हीवर पाहिलेला आठवला आणि मी पन्नास मीटर टाकून दिलं.

तो तलाव म्हणजे कुडव्यापुढच्या एका लग्नाच्या लॉनमागची टाकी. लॉनच्या मालकानं हौसेनं बांधलेली. लग्नसराईत सकाळी पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगत, कधी एखादा द्रोणही. रोज सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून तिथं नेई. वाटेत ते माझ्या कानाशी अखंड बोलत. बिरसीच्या विमानतळाकडून शिकाऊ वैमानिकांचं एखादं विमान डोक्यावरून गेलं की हात वर करून घड्याळ त्याला दाखवत. घड्याळाला वरून खबर मिळते, असं मीच सांगून बसलो होतो.

त्यांचं पोहणं मी काठावर बसून पाहत असे. एक फेरी, मग टोकाला थांबून दम, मग दुसरी. दमाच्या वेळी ते चौकीदाराला मिलमधल्या गोष्टी सांगत, आणि गोष्ट रंगात आली की दोन्ही हात असे फिरवत की पाणी उसळे. एके दिवशी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर फाटकावर कसा घातला ते त्यांनी साभिनय सांगितलं, तर घड्याळानं त्यात दोन फेऱ्या जास्तीच्या धरल्या, त्याही फुलपाखरी पद्धतीच्या. बाहेर आले की आकडा मोठ्यानं वाचायचा. हजार मीटर. सहाशे कॅलरी. मग फाटकाजवळच्या टपरीवर. पहिल्याच दिवशी त्यांनी टपरीवाल्याला विचारलं होतं, एका आलूबोंड्यात किती कॅलरी असतात. त्या बिचाऱ्यानं कढईतून मान वर न करता सांगितलं, "पचास, बाबूजी." झालं. त्या दिवसापासून गोंदिया जिल्ह्यात आलूबोंडा पन्नास कॅलरींचा झाला. सहाशे जळाल्या म्हणजे बारा खायचा हक्क. पण सासरे संयमी, चारच खात. वजन वाढलं तेव्हा डॉक्टर चक्रावले. सासऱ्यांनी त्यांनाच धीर दिला, तुमचा काटा जुना झाला आहे साहेब.

पावसाळ्यात परे, म्हणजे धानाची रोपं, लावायच्या दिवसांत त्यांनी कौतुकानं ते घड्याळ एक दिवस मामीजींच्या हातात बांधलं. मामीजी दिवसभर चिखलात वाकून रोपं खोचत होत्या. दुपारी घड्याळ थरथरलं. मी वाचून दाखवलं, बराच वेळ बसून आहात, उठा, थोडी हालचाल करा. बांधावरच्या बाया हसून हसून खाली बसल्या. मामीजी हसल्या नाहीत. घड्याळ सोडून माझ्या हातात देत म्हणाल्या, "याले म्हणा, ये चिखलात. मंग सांग मले उठाले." सासऱ्यांनी यावर घरी येऊन विचार केला आणि निर्णय दिला की बाईमाणसाच्या हाताला घड्याळ बरोबर बसत नाही.

आता मला सांगायचं ते सांगतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. मे महिन्यात एका सकाळी लॉनचा मॅनेजर फरशीवाल्यावर ओरडत होता, "साठ फुट की टंकी में इतनी टाइल कैसे लगी?" मी काठावर बसल्या बसल्या हिशेब केला. साठ फूट म्हणजे अठरा मीटर. घड्याळ प्रत्येक फेरीला पन्नास धरत होतं. रोजचे हजार मीटर म्हणजे जेमतेम साडेतीनशे होते, तेही टोकाटोकाला थांबून, आणि त्यावर चार आलूबोंडे. आपल्या एका बोटानं एवढा अनर्थ केला होता. तेवढ्यात सासरे पाण्यातून बाहेर आले, आकडा वाचला आणि चौकीदाराला म्हणाले, "आमच्या जवायानं देली ही घडी. चांगला वाळला आता." मी ओठापर्यंत आलेलं गिळलं. रोज गिळत राहिलो. खिशातल्या फोनमध्ये घड्याळाचा आकडा दुरुस्त करायचं बटण होतं, तेही दाबलं नाही. हजाराचे एकदम साडेतीनशे झाले तर कारण विचारतील, आणि कारण मी होतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जवाई येतात, रात्री नाटक असतं. सासऱ्यांच्या गावच्या मंडईला आम्ही सगळे गेलो. सकाळी चहाच्या वेळी, भरल्या पंगतीसारख्या माणसांत सासऱ्यांनी जाहीर केलं की आज ते गावचा तलाव पार करणार. या काठापासून त्या काठापर्यंत चारशे मीटर, घड्याळातल्या नकाशानं मोजून ठेवले होते. "मी रोज हजार मारून राहिलो. चारशे म्हणजे चूळ भरणं झालं." लोक खूश झाले. मी चहाची बशी खाली ठेवली. जो आजवर भिंत धरून दम घेतल्याशिवाय अठरा मीटरच्या पुढं गेला नाही, तो माणूस चारशे मीटर रुंद पाण्यात उतरणार होता, माझ्या पन्नासच्या भरवशावर. मी तोंड उघडलं. पुतण्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मी तोंड मिटलं. एवढंच केलं की मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराला गाठलं आणि त्याच्यासोबत त्याच्या डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसून मागं मागं निघालो.

पाणी गार होतं, दोन्ही काठांवर माणसं. सासरे छान निघाले, मोठ्या झोकात. मग हात जड पडू लागले. तलावाच्या मध्याशी ते थांबले, पाय मारत राहिले, मनगट डोळ्यांपुढं आणलं. आम्ही जवळ गेलो.

"तीनशे ऐंशी," ते धापा टाकत म्हणाले. त्यांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. काठ होता तिथंच होता, दूर. मनगट पाण्यात बुडालं की घड्याळाला आपण कुठं आहोत ते कळत नाही, मग ते सुचेल तिकडं रेघा ओढतं, हे मी नंतर वाचलं. सासऱ्यांना तेव्हा एवढंच दिसलं की घड्याळ पोहोचलं आहे आणि काठ पोहोचलेला नाही. आणि तिथंही त्यांनी घड्याळावर संशय घेतला नाही. डोळे बारीक करून काठाकडेच पाहत राहिले, फाटकावर आलेल्या ओल्या धानाकडे पाहावं तसे. मग त्यांच्या तोंडात पाणी गेलं.

"मामाजी, डोंगा धरा." मी ओरडलो. "घड्याळ खोटं आहे. टाकीची लांबी मी चुकीची टाकली होती. तुम्ही हजार कधीच पोहले नाहीत. फार तर साडेतीनशे."

त्यांनी डोंग्याची कड धरली. काठावर कुणीतरी हलगी वाजवत होतं.

"कधीपासून माहीत हाय?"

"मे महिन्यापासून."

"आन आता सांगून राहिले? इथं, मधात आणून?"

मी मान खाली घातली. ते मागं वळले, जिथून निघालो होतो त्या काठाकडे पाहिलं. तोही आता लांब होता.

"मंग इथवरी कोण आलं?" त्यांनी विचारलं. मला नाही, त्या ढिवराला.

"तुमीच आले, बाबूजी. मी पाहून राहिलो ना," म्हातारा म्हणाला.

उरलेला तलाव ते डोंग्याची कड धरून आले. काठावर हार होते, गुलाल होता. सासऱ्यांनी हार हातानं अडवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की अर्धं मी पोहलो, अर्धं डोंग्यानं आणलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. एवढ्या सहजपणे खरं बोलता येतं, हे पाहून मी चिखलात पाय रोवून उभाच राहिलो. नेमकं तेव्हाच घड्याळ थरथरलं. डोंग्याला धरून आलेलं अंतरही त्यानं पोहण्यातच धरलं होतं आणि त्यांचं अभिनंदन केलं होतं. आजवरची सर्वोत्तम कामगिरी.

परतताना ते स्कूटरवर मागं बसले ते एक शब्द बोलले नाहीत. इतकी वर्षं मी शांततेसाठी तळमळत होतो. ती मिळाली तर पाठीवर दगड ठेवल्यासारखी वाटली. गोंदियात मिलच्या फाटकापुढून जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जवाई, थांबा जरासं."

मिल बंद होती. फाटकाशी ट्रॅक्टरमधून सांडलेलं थोडं धान पडलं होतं. ते वाकले, दोन दाणे उचलले, दाताखाली धरले. कट्ट आवाज मलाही ऐकू आला.

"ते ओलाव्याची मशीन बी," ते म्हणाले, "कोणीतरी लावूनच देली असन ना?"

ते दाण्याचा चुरा जिभेवर घोळवत फाटकाकडे पाहत राहिले. तीस वर्षांत तिथून किती ट्रॅक्टर मागं फिरले असतील, मी मोजायचा प्रयत्न केला नाही. ते करत असावेत.

घड्याळ आता त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. मामीजी त्यात फक्त वेळ पाहतात, आणि वेळ ते बरोबर दाखवतं. सासरे अजून टाकीत जातात. आलूबोंडा आठवड्यातून एक, तो कितीचा हे कुणी विचारत नाही. फेऱ्या मी मोजतो, मोठ्यानं, काठावर बसून. ही शिक्षा त्यांनीच दिली. मी एवढं बोलतो हे ऐकून चौकीदार सुरुवातीला दचकायचा. यंदा त्यांचे हात पूर्वीसारखे उचलत नाहीत, दर टोकाला थांबणं लांबत चाललं आहे, आणि दम घेताना आता ते गोष्टी सांगत नाहीत.

परवा त्यांचं ते पांढरं डोकं पाण्यातून हळूहळू येताना पाहत बसलो आणि आकडा हरवला. सात की आठ? आठ म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं. ते टोकाशी आले, कड धरली, माझ्याकडे वर पाहिलं.

"मामाजी, माझं मोजणं चुकलं," मी म्हणालो.

त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग भिंतीला पाय लावला.

"मंग एकपासून," म्हणाले, आणि निघाले.

मी वाट पाहिली. ते पलीकडच्या भिंतीला पोहोचले, तसं मी मोठ्यानं म्हणालो, एक.