अर्धा राम, अर्धा रावण

"हालू नोको, देव येऊन राहिला."

हनुवटी दोन बोटांत धरायची, तोंड उजेडाकडे वळवायचं आणि हे म्हणायचं. आमच्या गावातल्या निम्म्या पुरुषांनी मंडईच्या सकाळी तोंड रंगवून घेताना मावशीकडून हे ऐकलेलं आहे. राम होणाऱ्यालाही तेच, रावण होणाऱ्यालाही तेच. एकदा मी म्हटलं, "मावशी, रावणात कुठला देव?" तर म्हणाली, "दिवसभर तो बी उपाशीच राह्यते, मास्तर. तुमी आपली पेटी पाहा."

मी शाळेत मास्तर आणि दंडारीत पेटी वाजवणारा. ती लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाणारी.

सानगडीच्या पुढं, तळ्याच्या काठावर आमचं गाव. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर एकदा याच. दिवस गावानं बसून ठरवायचा. त्या दिवशी पाळणे, जिलेबी, दुपारी दंडार, आणि बाहेरगावी दिलेल्या लेकी माहेरी. दंडारीत रामायणातली एखादी गोष्ट, गाणी, नाच, आणि पात्रं सगळी गावातलीच.

तोंडं रंगवायचं काम आधी तिच्या नवऱ्याचं होतं. तो वारला, त्या वर्षी रंगाचा डबा घेऊन हीच येऊन बसली. बाईमाणसाकडून तोंड रंगवून घ्यायचं म्हणजे काय, असं पुटपुटत बरेच जण मागे सरले. तिनं वाद घातला नाही. सरळ माझं तोंड धरलं. पेटीवाल्याला कशाला रंग लागतो? पण मला काही हलता आलं नाही. अशी मिशी काढली की माझी बायको संध्याकाळपर्यंत हसत होती. बाकीचे मग गुमान रांगेला लागले.

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि आमचा राम नि आमचा रावण एकमेकांविरुद्ध उभे राहिले. दोघंही पडले, हे विशेष. निवडून तिसराच आला. पण यांचा अबोला कायम. रामानं जाहीर केलं, मंडई मंगळवारी. रावण म्हणाला, शुक्रवारी. पेटीसाठी दोघांनीही मला विचारलं आणि मी भित्रा माणूस, दोघांनाही हो म्हणून बसलो.

मावशीची एकुलती एक मुलगी लाखांदूरकडे दिलेली. ऐन धानकापणीचे दिवस. सासरचे लोक एकच दिवस सोडायचे, तोही मंडईचा म्हणून. गावात दोन मंडया होणार हे ऐकून जावयाचा फोन आला, "तुमच्या गावाचं ठरू द्या, मग पाठवू." मावशी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"वर्षातून एकच डाव येते ती, मास्तर. तेवढ्यावरच वर्ष निघते माहं."

तिचे डोळे भरले होते. मला माझीच लाज वाटली.

मंडईच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारच्या बाजाराच्या दिवशी तिनं रामाला निरोप धाडला. रंग जुना झाला आहे, लावून पाहू, दहाला घरी ये. रावणालाही तोच निरोप, फक्त साडेदहाचा. मलाही पेटी घेऊन बोलावलं. पेटी कशाला, ते सांगितलं नाही.

रामाचं अर्धं तोंड निळं झालं आणि "वाळू दे" म्हणून तिनं त्याला कोपऱ्यात बसवलं. तेवढ्यात रावण आला. रामाला पाहताच तो माघारी वळला. मावशीनं त्याची हनुवटी धरली आणि म्हणाली, "हालू नोको." वीस वर्षांची सवय, तो बसला. त्याचंही अर्धं तोंड लाल करून तिनं डब्याला झाकण लावलं.

"उरलेलं मंडईच्या दिवशी. मंडई कोण्या दिवशी, ते सांगा."

"मावशी, हे काय करून राहिली? पुसून तरी दे," रावण म्हणाला.

"काहून पुसू? माही पोरगी कोण्या दिवशी येईन, ते सांगा. मग घ्या तेल."

तेलातला रंग पाण्यानं निघत नाही, आणि खोबरेल तेलाची बाटली तिच्या मांडीखाली. बाहेर सगळा बाजार भरलेला. अशा तोंडानं जायचं कुठं? मी अर्धा तास उगाच पेटीवर एक सूर धरून बसलो.

शेवटी रामाला तलफ आली. तंबाखू त्याच्याकडे, चुना रावणाकडे.

"मंगळवारी बाजार राह्यते," चुन्याची डबी पुढे करत रावण म्हणाला. "पाळणेवाल्याले जागा कुठं भेटन?"

राम बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "शुक्रवारी तं शुक्रवारी. पण पहिलं पद माहं."

शुक्रवारी मुलगी आली. मावशीनं त्या दिवशी रंगकाम इतक्या घाईत उरकलं की रामाचा एक कान तसाच राहिला. मग मायलेकी हात धरून जिलेबीच्या दुकानाकडे गेल्या. दंडार दोघींनीही पाहिली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. घराला कुलूप लागलं. यंदाची मंडई जवळ आली तसं मला सारखं वाटायचं, आता त्या पोरीनं यायचं तरी कोणाकडे? फोन करून तिला बोलावलं आणि मंडईच्या सकाळी एसटीच्या थांब्यावर गेलो, आपल्या घरी आणावं म्हणून.

राम आणि रावण तिथं आधीच येऊन उभे होते, दोघंही धुतलेल्या कपड्यांत. दोघांनीही तिला फोन केलेला. आणि बहिणीला पहिल्यांदा कोणाच्या घरी जेवायला न्यायचं, यावरून भर रस्त्यात त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. या भांडणात मी मुळीच पडलो नाही.